हौदाच्या कठड्यावर

आमच्या चौकाच्या मधोमध एक हौद होता. कधीकाळी त्यात नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या कालव्याचं, पाणी येत असे म्हणतात. मी तो कोरडाच पाहिला. आत शेजारच्या कडुलिंबाचा पाला, विड्यांची थोटकं, कुणाची तरी एकच चप्पल. कठडा मात्र रुंद, दगडी, आणि भर दुपारीही सावलीत. त्या हौदावरून चौकाला हौदाचा चौक नाव पडलं. नाव अजून टिकलंय, हौद नाही.

या चौकाच्या एका अंगाला, बियाणांच्या दुकानावरच्या माडीत मी राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. नोकरीत होते तेव्हा पाळी संपवून आल्यावर गॅलरीत बसायची, आता दिवसभर बसते. लोकांना वाटतं, भानुमतीबाई सगळ्यांवर नजर ठेवून असतात. वाटू दे. माणसाला कुठंतरी बघावं लागतं, आणि माझ्या घरात बघण्यासारखं दुसरं कुणी नाही.

माझ्या बरोबर पायाखाली, दुकानामागच्या खोलीत, कडूबा राहायचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं नाव कडू ठेवलेलं, म्हणजे मृत्यूनं तोंडात घालू नये. मूळचे फुलंब्रीच्या पलीकडचे. पोलीस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांत ते शहरात आले आणि या दुकानात बियाणं मापून द्यायच्या कामाला लागले. गावाकडं भावाबरोबर थोडी जमीन होती, तिची ज्वारी दरसाल पोत्यानं यायची. बायको लवकर गेली. मागं एक मुलगी, आवडा. तिला त्यांनी त्या एका खोलीत, बियाणांच्या वासात वाढवलं. वेणी घालता येईना तेव्हा मुलीला घेऊन जिना चढून माझ्याकडं आले होते. "ताई, एवढी शेंडी बांधून द्या हिची," म्हणाले. पुढं वर्षभर तिच्या वेण्या मीच घातल्या. मग ती स्वतःच शिकली आणि वर यायची थांबली. मला ते लागलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

आवडा वयात आली तेव्हा कडूबांनी स्थळ शोधलं ते चौकापलीकडचंच. बाजार समितीतला कारकून, रामकिसन नावाचा, सरळ मुलगा. घरात तो आणि त्याची आई सरूबाई. चांगल्या जमिनीवाल्यांची दोन स्थळं सोडून कडूबांनी हे धरलं, कारण दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की त्या गल्लीचं तोंड दिसायचं. लेक डोळ्यांसमोर राहील एवढाच त्यांचा हिशेब. लग्नात ते रडले नाहीत. वऱ्हाड चौक ओलांडून पलीकडं गेलं, एवढंच. मला म्हणाले, "सासरी कुठं गेली, ताई, रस्ता पार करून गेली निस्ती."

पण त्यांच्यात एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. नातवंडाचं तोंड पाहिलं की मग मानानं जेवायला जायचं. आता पुष्कळांनी ही रीत सोडली आहे, आणि सोडली ते बरं केलं. कडूबा मात्र रीतीचे पक्के. लग्न झाल्यावर दोन-तीनदा लेकीच्या दारात गेले, उभ्या उभ्या बोलून परत आले. ती "आप्पा, बसा तरी" म्हणायची. हे म्हणायचे, बसलं की पाणी येतं.

मग त्यांना एक युक्ती सुचली. तिचा त्यांना इतका अभिमान होता की पहिल्याच दिवशी मला सांगायला वर आले.

"ताई, हौद कोणाचा?"

"सरकारचा असेल. का?"

"म्हंजी माझा नाय, जावयाचा बी नाय. मग तिथं बसून खाल्लं तर कोणाच्या घरचं खाल्लं?"

"कुणाच्याच नाही," मी म्हणाले.

"बास! झालं तर मग."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. दुपारी दुकान बंद झालं की कडूबा आपल्या खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन निघायचे. पलीकडून आवडा फडक्यात भाकरी बांधून यायची. दोघं हौदाच्या कठड्यावर बसायची. ज्वारी कडूबांच्या गावची, ती आधीच पोतं भरून लेकीकडं टाकलेली. पाणी त्यांच्या माठातलं. जागा सरकारची. लेकीचे होते ते फक्त हात. कोणत्याही वकिलाला एवढी पळवाट काढता आली नसती. रामकिसन हसायचा आणि जाऊ द्यायचा. सरूबाई कुरकुरायच्या, पण व्याह्याची रीत म्हणून गप्प बसायच्या.

त्या वर्षांत चौकात गाड्या होत्याच किती? सायकली, टांगे, एखादी एसटी. माणसं तिरपी, आडवी, मनाला येईल तशी चालायची. बापलेकीची ती दोन माणसांची पंगत सगळ्या चौकाच्या ओळखीची झाली. समोरचा हॉटेलवाला भजी तळता तळता ओरडायचा, "क्या कडूबा, नातू झाला का, की अजून हौदावरच?" कडूबा हसून हात हलवायचे, "होईल, होईल!" म्हणायचे आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे. आवडा पदर पुढं ओढून हौदात बघत बसायची. हौदात बघायला काहीच नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. तिला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, देव झाले, खुलताबादच्या बाजूचा कुणी वैद्य झाला. कडूबांनी हौदावर यायचं सोडलं नाही आणि रीतही सोडली नाही.

मग शहराच्या आजूबाजूला कारखाने आले, आणि आमच्या चौकाला जे काही झालं ते त्यानंतर. रिक्षा, लूना, टेम्पो, कामगारांच्या बसगाड्या. हॉर्न वाजवल्याशिवाय आपण जिवंत आहोत हे लोकांना पटेना. रस्ता ओलांडताना दोन माणसं गाडीखाली आली. त्यावर उपाय काढला तो असा, की गाड्या आवरायच्या सोडून माणसंच बंद केली. एका सकाळी मजूर आले आणि चौकाच्या चारही बाजूंनी छातीएवढ्या उंचीची लोखंडी जाळी ठोकली. हौदालाही वेगळी जाळी. पाटी लागली, चौकातून पायी जाण्यास मनाई आहे. पलीकडं जायचं तर भाजीबाजारातून, मशिदीच्या मागून लांबलचक वळसा घालायचा. ज्याला चार चाकं आहेत त्यानं सरळ जावं आणि ज्याला दोन पाय आहेत त्यानं गाव फिरून यावं! माझा इतका संताप झाला की मी गॅलरीतूनच त्या मजुरांना बोलले. ते बिचारे काय करणार? त्यांनी वर बघून हात जोडले.

त्या दुपारी कडूबा तांब्या घेऊन जाळीशी उभे राहिले. पलीकडच्या जाळीशी आवडा, हातात फडकं. मधून गाड्यांची रीघ. दोघं तशी बराच वेळ उभी होती. मग ती परत फिरली आणि हेही फिरले.

सुरुवातीला ती रोज जाळीपाशी यायची. कडूबा अलीकडून तांब्या उंच करून दाखवायचे. ती ओरडायची, "जेवले का?" यांना ऐकू यायचं नाही. "आं?" "जेवले का म्हन्ते!" माणसाला इतक्या मोठ्यानं विचारायचा हा प्रश्न नव्हे. मला गॅलरीत बसून तो ऐकवत नसे. सणावाराला ती वळसा घालून बापाच्या खोलीवर यायची, स्वयंपाक करून ठेवायची. पण पुढं सरूबाईंना लकवा झाला, अंथरुणाला खिळल्या. त्यांना टाकून आवडाला घटकाभरही लांब जाता येईना.

राहिले कडूबा. त्यांना वळसा घालून लेकीकडं जायला कुणी अडवलं नव्हतं. तसे ते जायचे, महिन्या-दोन महिन्यांनी, दारात उभे राहायचे आणि यायचे. एकदा वैशाखात गेले. परत आले ते भिंत धरत धरत. मी खाली उतरून त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं. माझ्या घरचं पाणी त्यांना चालायचं.

"काय झालं?"

"काय नाय. तिच्या उंबऱ्यात जरा चक्कर आली. डोळ्यापुढं अंधारी."

"मग पडून राहायचं तिथंच. पाणी प्यायलात?"

"प्यालो की. भाईर येऊन कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं प्यालो. दोन गिलास."

मला क्षणभर कळेचना. "आवडानं दिलं नाही?"

"दिलं तिनं. तांब्या घेऊन मागं मागं आली गल्लीत. म्हन्ली, आप्पा, पाया पडते, प्या. पर कसं पेणार? चहावाल्याकडं प्यालो, मंग बरं वाटलं." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "ती तिथंच हुबी व्हती तांब्या घेऊन. लोकं बघायले व्हते. मला म्हन्ली, आता येऊ नका."

"बरोबर म्हणाली!" माझा आवाज चढला. "उन्हानं मरायला टेकलात, लेक तांब्या घेऊन मागं धावतेय, आणि तिच्या डोळ्यांदेखत चहावाल्याकडं पाणी पिता? कसली ही रीत? कुणाच्या भल्याची?"

कडूबा रागावले नाहीत. त्यांना रागावता येत नसे. रिकाम्या पेल्यात बघत म्हणाले, "ताई, म्या तिच्या घरी पाणी पेलो, तर त्याचा अर्थ काय व्हतो? बापानं आस सोडली, असा व्हतो. सासूनं सोडली, डाक्टरनं सोडली. म्या बी सोडली तर तिनं कोणाच्या तोंडाकडं बघावं?"

 हे म्हणणं मी तिच्यापर्यंत न्यायला हवं होतं असं कुणाला वाटेल. पण बापलेकीच्या मधे बोलायला जाणारी मी कोण? एक वर्ष वेणी घातली, एवढाच माझा हक्क.

त्या दिवसापासून आवडा जाळीशी यायची बंद झाली. कडूबांचं म्हणणं, जाळीच्या त्रासानं येत नाही. "एवढं वरडून बोलायचं म्हंजी बाईमाणसाला लाजच वाटते. चौक उघडला की येईल." ते दुपारी दुकानाच्या पायरीवर बसायचे, शेजारी तांब्या, मांडीवर स्वतः थापलेली जाडजूड भाकरी. नजर कमी झाली होती. गल्लीचं तोंड त्यांना आता धुरकट दिसायचं. मग मान वर करून मला विचारायचे, "ताई, दिसली का?"

मी सांगायची. "दिसली. सकाळी सडा टाकला."

"पातळ कोण्या रंगाचं?"

"निळं."

"निळं म्हंजी माझं. दिवाळीचं." आणि मग जेवायला लागायचे.

ज्या दिवशी ती दिसायची नाही त्या दिवशी मी नाही म्हणून सांगायची. खोटं बोलावंसं वाटायचं, पण रंग कोणता सांगणार? त्या दिवशी ते जेवायचे नाहीत असं नाही, जेवायचे. पण पाठ रस्त्याकडं करून. त्यांच्या डोक्यावर मी, एका ताटात माझी पोळीभाजी घेऊन बसलेली. दोन माणसं एकाच वेळी, एकाच भिंतीला, वरखाली एकटी जेवत होती. मला कधी त्यांना वर बोलवायचं धाडस झालं नाही आणि ते कधी आपणहून आले नाहीत. चौकात एवढी गर्दी की बोट ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत मला इतकं एकटं वाटायचं की संध्याकाळी मी उगीच रेडिओ मोठ्यानं लावायची.

चौक उघडावा म्हणून कडूबांनी नगरपालिकेच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. एकदा मी बरोबर गेले होते. साहेब तरुण होता, आणि वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली.

"काका, तुमचं घर अलीकडं, लेकीचं पलीकडं. वळसा घालून जा. पाय दुखत असतील तर रिक्षा करा."

"मला पलीकडं जायचं नाय, साहेब."

"मग?"

"मधी जायचंय."

"मधे?" साहेबानं माझ्याकडं बघितलं. "मधे काय आहे?"

"हौद हाय."

"हौदात काय आहे?"

"हौदात काय नाय," कडूबा म्हणाले. "कठड्यावर बसायचं हाय."

साहेब हसला नाही, हे त्याचे उपकार. बघतो म्हणाला. पुढं कडूबा एकटेच जात राहिले, बाकावर बसायचे, चहा आला तर प्यायचे, परत यायचे. तिथल्या शिपायांत त्यांचं नाव 'मधले काका' पडलं होतं. ते नाव त्यांना आवडलं होतं.

चौक उघडला, पण कडूबांमुळं नाही. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येत नाही, धंदा बसला, म्हणून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी बोंब मारली, आणि दुकानदारांची बोंब ऐकू जाते. ठरलं, जाळी काढायची, पांढरे पट्टे मारायचे, सिग्नल लावायचा, आणि हिरवा दिवा लागला की माणसांनी चालायचं. ही बातमी घेऊन कडूबा वर आले तेव्हा जिन्यानं त्यांना धाप लागली होती, पण चेहरा असा की जणू लेकीचं दुसऱ्यांदा लग्न ठरलंय.

"मधी उंच पत्रे लावलेत, ताई. आत काम चालू हाय. हौद नीट करायलेत वाटतं. पाणी बी सोडतील."

नेमकी त्याच सुमाराला मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भावाकडं नांदेडला जावं लागलं. तिथं महिना मोडला. परत आले ती नेमकी चौक उघडण्याच्या सकाळी. रिक्षावाल्यानं मला कोपऱ्यावरच उतरवलं, पुढं गर्दी होती म्हणून. काळा चष्मा, हातात पिशवी, अशी मी गर्दीतून वाट काढत निघाले. कुणातरी पुढाऱ्यानं फीत कापली. पत्रे काढायला सुरुवात झाली.

माझ्या समोरच, पट्ट्यांच्या अगदी काठाशी, कडूबा उभे होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात घासून लख्ख केलेला तांब्या. बगलेत कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा. लेकीला लहानपणापासून आवडायच्या.

पत्रे निघाले. मागं हौद नव्हता. कडुलिंबही नव्हता. बुजवून, दाबून, वर काळं डांबर ओतलं होतं, त्यावर चुन्यासारखे पांढरे पट्टे. नव्या डोळ्यांनी मला ते इतकं स्वच्छ दिसलं की बघवेना. कडूबांना काय दिसत होतं कोण जाणे. ते मान पुढं काढून बघत होते.

हिरवा दिवा लागला. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या, आणि दोन्हीकडून माणसं निघाली. कित्येक वर्षांनी माणसं त्या चौकातून चालली. बायका हसत होत्या. एक म्हातारा उगीचच दोनदा गेला आणि आला. कडूबाही निघाले. मधोमध पोचले आणि थांबले. पायानं डांबर चाचपलं, डावीकडं, उजवीकडं. कठडा कुठं गेला ते शोधत होते. बसायला खाली वाकले आणि तसेच वाकलेले राहिले, कारण खाली बसायला काही नव्हतं.

माणसं पार झाली. दिवा लाल झाला. गाड्या सुटायला अधीर, हॉर्न सुरू झाले. पोलिसानं शिट्टी फुंकली, हात केला. कडूबा हलेनात. 

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. गल्लीतल्या बायकांत आवडा उभी होती. सरूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. केस पिकले होते तिचेही. वेणी घालायला माझ्यापुढं बसणारी मुलगी ती हीच, हे पटायला मला वेळ लागला; गॅलरीतून मला दिसायचं ते फक्त तिचं पातळ.

"आप्पा! मधी हुबं ऱ्हाऊ नका!" ती जीव तोडून ओरडली. "इकडं या, नायतर तिकडं जा! मधी जागा नाय आता!"

कडूबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. एकदा आपल्या दुकानाकडं बघितलं. मग तांब्या छातीशी धरला आणि पुढं चालायला लागले, तिच्याकडं. गाड्या थांबून राहिल्या. पोलिसानं थांबवल्या, की त्या आपणहून थांबल्या, मला सांगता येणार नाही. मीही मागोमाग निघाले. लाल दिवा असताना रस्ता ओलांडला, आयुष्यात एकदाच.

पलीकडं पोचल्यावर त्यांना धाप लागली होती. तांब्यातलं निम्मं पाणी धोतरावर सांडलं होतं. आवडानं त्यांचा दंड धरला आणि गल्लीत घेऊन गेली. उंबऱ्याशी आल्यावर तिनं हात सोडला आणि बाजूला झाली, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. इथवर यायचं आणि उभं राहायचं, हे ठरलेलंच होतं.

"चहावाला कोपऱ्यावर हाय अजून," ती म्हणाली. आवाजात राग होता, इतक्या वर्षांचा. "तहान लागली असंल तर."

"आवडे..."

"हौदावर बी माझ्या हातची भाकर खायचे, अन् पाणी तुमच्या घरचं. समदा चौक बघायचा. हॉटेलवाला इचारायचा, नातू झाला का. तुम्ही हसायचे, आप्पा. तुमाला वाटायचं तुम्ही वाट काढली. मला वाटायचं, हिच्या घरचं पाणी बाप पीत नाय, ते गावाला दाखवायला आणतेत मला मधी. मी रोज मरायची तिथं."

कडूबांनी तिच्याकडं बघितलं. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, ते तोंडावर सरळ दिसलं. त्यांची सगळ्यात मोठी युक्ती होती ती. बोलायला तोंड उघडलं, पण मला सांगितलं होतं ते, आस न सोडण्याचं, ते तिला सांगता आलं नाही. कदाचित आता त्याचा उपयोग नाही हे त्यांना कळलं असेल.

त्यांनी हातातला तांब्या उलटा केला. राहिलेलं पाणी उंबऱ्याबाहेर ओतून दिलं. मग चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत गेले आणि भिंतीशी टेकून खाली बसले.

"पाणी दे, माय," म्हणाले.

आवडा हलली नाही. "लेकरू नाय झालं, आप्पा. आता व्हायचं बी नाय."

"ठावं हाय."

"कवापासून?"

"लई दिस झाले."

ती माठाकडं गेली. तांब्या भरून आणला, पण दिला नाही, धरून उभी राहिली. "आस सोडली म्हना की मंग." म्हणजे तिलाही ते ठाऊक होतं.

कडूबांनी मान खाली घातली. "सोडली, माय," म्हणाले. आणि ते म्हणताना, मी पाहिलं, त्यांचे खांदे सैल झाले. मी दारात उभी होते. माझ्या चष्म्याखालून पाणी यायला लागलं आणि डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलं होतं.

तिनं तांब्या दिला. कडूबांनी पाणी वरून ओतून घेतलं नाही. तोंड लावून प्याले, लहान मुलासारखे, थांबत थांबत, शेवटपर्यंत. मग रिकामा तांब्या पुढं केला.

"लई उशीर केला, आप्पा," आवडा म्हणाली, आणि तो पुन्हा भरायला उठली.